सवतीची चटई

जानेवारी, मंगळवार. मका गुडघ्याला लागतो आहे.

फालेसी,

काल तुझ्या मुलीनं सगळ्या पोरांदेखत डोलिकाला आई म्हटलं. तोंड भरून म्हटलं. "आई, माझा पेला रिकामा झाला." आणि ती बया वळली. नाही गं बाळ, तुझी आई जोनीला आहे, एवढं म्हणायला काय जीभ झिजत होती? वळली आणि पेला भरला. मी कुंपणाशी उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं.

आता रीतीनं खुशाली सांगते. आम्ही उठलो आहोत, तुम्ही उठला असाल तर. तू उठलीस की नाही हे मला मेलियाला विचारावं लागतं, कारण तू लिहीत नाहीस. मेलिया माल आणायला बसनं तुमच्या जोनीला, जोहान्सबर्गला येते, तिच्याच हाती हे पत्र देते आहे. फोन नको. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि दुकानापाशी फोन चार्ज करायला बसलेला सगळा गाव ऐकतो. कागदावर ओरडले तर तुला एकटीलाच ऐकू येईल. तिसरीतून मला शेळ्यांमागे धाडलं होतं, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

डोलिका आठवते ना? खालच्या वस्तीतली, नाफिरीची धाकटी. नवरा पळाला, मूल झालं नाही. चर्चच्या बाजूला गवतानं शाकारलेली पडवी आहे, तिथे आता रोज सकाळी लहान पोरं जमतात. गावातल्या बायका पाळीपाळीनं पेज शिजवतात, गाणी म्हणून घेतात, बाटल्यांची झाकणं मांडून आकडे शिकवतात. कुणाला काही मिळत नाही. स्वयंसेविका म्हणतात त्यांना. डोलिका त्यांची पुढारी. बाजारगावी जाऊन शिकून आली, आणि तेव्हापासून हात धुतल्याशिवाय माणसाशी बोलत नाही.

मी आडवी आले नव्हते. या महिन्यांत कोठार झाडून काढलं तरी मूठभर मका निघत नाही. आपल्या पोराची पेज दुसऱ्याच्या चुलीवर शिजत असेल तर शिजू दे, म्हटलं. पण पेज द्यावी आणि पोर परत द्यावं.

आपल्या तियामिकेच्या अंगठ्यात मातीतली पिसू शिरली होती. अंडी घालून वाटाण्याएवढी फुगलेली. ती काढायची म्हणजे आपल्या घरी लढाई असते. मी सुई तापवली की ती मला चावते, म्हातारा तिचे पाय धरतो, आणि ती किंचाळते, "अहो नवरोबा, तुमच्या या थोरलीला हाकला! ही मला मारून टाकणार!" म्हातारा म्हणतो, "आधी पाय निस्तरू, मग बायका." अशी आमची रीत. काल तिनं तोच पाय डोलिकाच्या मांडीवर टाकला आणि गप्प बसून राहिली. सुई आत, पिसू बाहेर, आणि डोळ्यांत टिपूस नाही.

घरी येताना मी विचारलं, "दुखलं नाही का गं?"

"आईचा हात हलका आहे," म्हणते. "तुझा हात कुदळ आहे."

कुदळ तर कुदळ. त्याचं मला काही नाही. नात म्हणजे आजीची सवत, तिनं आजीला बोलायचंच असतं. तिकडे राहून विसरली असशील म्हणून सांगते. तूसुद्धा माझ्या आईची सवत होतीस आणि माझ्या बापाला नवरा म्हणत होतीस. इथे अजून तसंच चालतं. संध्याकाळी मी तिची चटई अंगणात फेकते, "जा, शेळ्यांपाशी नीज, नवरा माझा आहे." ती चटई ओढत परत आत आणते, "घर माझं आहे, म्हातारे, तुला दात पण नाहीत." म्हातारा वेत सोलत बसलेला असतो, वर बघत नाही. मग आम्ही जेवतो. भांडणाशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

पण आई ही गमतीत म्हणायची गोष्ट नाही. तेव्हा तू डोलिकाला एक पत्र लिही. मुलीची आई कोण, ते तिला कळव. धारदार लिही. ते तुला जमतं.

आई


फेब्रुवारी. मक्याला तुरे आलेत, पण खायला अजून काही नाही.

फालेसी,

तू लिहिलं नाहीस. शेवटी मीच जाऊन बसले.

डोलिकाला म्हटलं, मलाही स्वयंसेविका कर. ती म्हणाली, "आजी, तुम्ही? धूर सोसेल का?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून धुरात आहे. तुझ्या बारशाची पेजसुद्धा मीच ढवळली होती. गुठळ्या झाल्या नव्हत्या." तिनं मला चितेंजे दिलं, सगळ्या बायका तिथे एकाच छापाचं कमरेला गुंडाळतात. निळं आहे. मला निळं शोभत नाही, तरी गुंडाळलं.

पेज शिजवायची माझी पाळी असते तेव्हा मी त्यात दाण्याचं कूट टाकते. तियामिकेच्या पेल्यात जरा जास्त. डोलिकानं पाहिलं.

"आजी, सगळ्यांना सारखं."

"सगळी सारखी नाहीत. ही माझी सवत आहे. तिला जाड करून विकणार आहे मी."

पोरं खिदळली. आणि तियामिके? तिनं आधी डोलिकाकडे पाहिलं, हसू का म्हणून. माझ्या बोलण्यावर हसायला तिला दुसरीची परवानगी लागते आता. त्याच दिवशी पेज करपली. लाकडं ओली होती. तिकडे डोलिका तिला मांडीवर घेऊन झाकणं मोजायला शिकवत होती, पण त्याचा काही संबंध नाही, लाकडंच ओली होती. पोरांनी करपलेलीसुद्धा चाटूनपुसून खाल्ली. नाफिरीचा पणतू रोज माझ्या पाठीवर चढून झोपतो आणि मुततो. त्याला खाली ठेवायला सवडच मिळत नाही.

हे सगळं मी सोसलं. पुढचं ऐक.

परवा मी भोपळ्याचा पाला दाण्याच्या कुटात शिजवला. घरातलं उरलेलं सगळं कूट घातलं. तिला आवडतो म्हणून नव्हे, पाला जून होत होता. उसन्या आणलेल्या मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा तिच्यापुढे ठेवला तर म्हणते, "माझं पोट भरलंय. आईनं रताळं दिलं."

मी तिची चटई उचलली आणि अंगणात टाकली. रोज टाकते तशीच.

तिनं ती आत आणायची असते. एवढंच तर आहे त्या खेळात. मी टाकायची, तिनं आणायची. तिनं आणली नाही. गुंडाळली, काखेत मारली आणि उतारानं खाली डोलिकाच्या घराकडे चालती झाली. एकदा मागे वळून पाहिलं नाही. चालणं अगदी तुझं.

म्हातारा म्हणाला, "आज जोरात पडली गं." वेताची चटई ती, त्यानं स्वतः विणलेली. तिला कसला जोर?

सकाळी डोलिका तिला घेऊन आली, चटई डोक्यावर. गुडघ्यावर बसून रीतीनं नमस्कार केला आणि हळूच म्हणते, "आजी, काल तुम्ही हसत नव्हतात म्हणे."

मी कधी हसते? तूच सांग. तू मला हसताना पाहिलं आहेस?

आता ही गंमत राहिलेली नाही. ती बाई तुझी मुलगी गिळते आहे, आधी पाय गिळला, मग पोट, आता चटईसकट सगळी. उद्या पोर माझ्या दारावरून जाताना मला ओळखणार नाही आणि तुझं तर नावही तिला ठाऊक नसेल. तू आई असशील तर काहीतरी कर.

आई


मार्च. हिरवी कणसं भाजायला आली.

काहीतरी कर म्हटलं होतं. हे कर म्हटलं नव्हतं.

पत्र मिळालं. अक्षर तुझं नाही. गोल, शिकलेलं, मुंग्यांसारखं एका रांगेत. त्या तुझ्या माणसाचं ना? जोनीतच जन्मला, आपली भाषा शाळेतल्यासारखी बोलतो, असं मेलिया सांगत होती. म्हणजे माझी पत्रं तू त्याला वाचून दाखवतेस. त्या बिचाऱ्याला आजीच्या हाताखाली वाढायला मिळालं नाही, त्याला सवत म्हणजे सवतच वाटणार. लेकराला कुणीतरी छळतं आहे, असं वाटून त्यानं घाम पुसला असेल. पण तू? तुला तरी कळायला हवं होतं.

आणि ते गोल अक्षर मला लागेना. म्हणून पत्र डोलिकाकडे न्यावं लागलं. विचार कर जरा. जिच्याविरुद्ध लिहिलं, तिच्याच पुढ्यात बसून मला उत्तर ऐकावं लागलं.

ती वाचता वाचता थांबली. "आजी, मी तिला गिळते, असं लिहिलंत तुम्ही?"

"लिहिलं."

"बरं," म्हणाली आणि पुढचं वाचलं.

पुढे ते होतं. "जी बाई लेकराचं अंथरूण अंगणात फेकते, तिच्या घरी माझी मुलगी राहणार नाही. मला ती चटई माहीत आहे." पहिलं वाक्य त्याचं. दुसरं तुझं. तेवढं मला अक्षर न लागताही कळतं.

हो, तुझी टाकली होती. दीड हात लांब पडली होती, उगाच वाढवून सांगू नकोस. मुलगी अंगावर पिणारी आणि तू जोनीला जाते म्हणालीस, मग मी काय ओवाळायला हवं होतं? आजीनं टाकलेली चटई आत येते. आईनं टाकलेली येत नाही, कारण आई लेकीशी गंमत करत नाही, तशी रीतच नाही. हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू उचललीस आणि गेलीस. पोर माझ्या पाठीवर राहिली. त्यावर मला काही बोलायचं नाही.

शेवटी लिहिलं आहेस की कापणी झाली की मेलियाबरोबर तिला पाठवून द्या. डोलिकानं ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि तियामिकेचा पेला धुवायला घेतला. पेला धुतलेलाच होता. मला वाटलं होतं, हिचं तोंड पडलेलं बघून बरं वाटेल. वाटलं. कणीस सोलायला लागतं तेवढा वेळ वाटलं.

"आता तुम्हालाही नाही आणि मलाही नाही," ती म्हणाली. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मग म्हणते, "तिला विचारलंय का कुणी?"

कसं विचारायचं? जोनीला जातेस का म्हटलं की ती उड्या मारते, कारण तिथे साखरेचा पाव मिळतो असं मेलियानं सांगून ठेवलंय. पडवीत सगळ्या पोरांना सांगत सुटली आहे, "माझी खरी आई जोनीत आहे, तिच्या घरात दिवा बटणानं लागतो." डोलिकाला आता ती डोलिकामावशी म्हणते. मी जे मागितलं ते तंतोतंत झालं. डोलिका पेज ढवळते आणि माझ्याकडे बघत नाही.

आणि खरं विचारशील तर मावशी ऐकून मला जेवढा राग येत नाही, तेवढा "खरी आई" ऐकून येतो. डोलिकानं निदान पिसू काढली. तू काय काढलंस? बटण दाबतेस आणि दिवा लावतेस, आणि तेवढ्यावर पोर माझ्या चुलीसमोर बसून तुझी गाणी गाते.

मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हटलेलंही नाही. कापणी होऊ दे.


मे, गुरुवार. मका घरात आला.

फालेसी,

मेलियाची बस शनिवारी. तू तिच्या हाती पाठवलेला लाल फ्रॉक मिळाला, पोरीला गुडघ्याखाली येतो. तुझ्या मनात ती किती उंच आहे, कोण जाणे.

काल दुपारी डोलिका कणसं सोलायला आली. मी बोलावलं नव्हतं. तिनं तियामिकेसाठी गाठोडं आणलं होतं: पेला, एक साबण, आणि दोरीत ओवलेली झाकणं, वाटेत मोजायला. अंगणात रास पडलेली, म्हातारा सावलीत वेत सोलतो आहे, पोर राशीवर लोळते आहे आणि पावाचं गाणं म्हणते आहे. मला ते सहन झालं नाही.

मनात आलं, सवतीला सवतीच्या रीतीनंच विचारावं. फेब्रुवारीपासून मी चटई टाकली नव्हती. कंबर दुखत होती माझी. काल आत गेले, तिची चटई घेतली आणि अंगणात फेकली.

"जा!" म्हटलं. "जा जोनीला! साखरेचा पाव खा आणि फूग! आता नवरा माझ्या एकटीचा!"

हसले की नाही ते डोलिकाला विचार. ती समोरच होती.

तियामिके राशीवरून उतरली. चटईकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. मग फेब्रुवारीत मारली होती तशी चटई काखेत मारली आणि डोलिकाकडे पाहत उभी राहिली. डोलिकानं नुसता हात पुढे केला असता तरी पोर तिच्या मागून गेली असती, ते मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. तिनं पाठ फिरवली आणि कणसं सोलत राहिली. सोललेलीच कणसं पुन्हा सोलत होती. हे मी तुला लिहिते आहे. तिला वाचून दाखवणार नाही, डोक्यावर बसेल.

पोर चटई घेऊन घरात गेली. बराच वेळ बाहेर येईना. आत काहीतरी ओढल्याचा आवाज. म्हाताऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली.

आणि दारातून चटई बाहेर आली. माझी. मोठी, जड, तिच्या दुप्पट लांब. एक टोक दातांत, एक टोक हातात, पुढचे दोन दात पडलेले म्हणून सारखी निसटत होती. उंबऱ्यावरून ढकलून दिली आणि वर पाय आपटून ओरडली, "घर माझं आहे! तूच जा जोनीला! पाव मऊ असतो, म्हातारे, तुला दातांशिवाय चावेल!"

म्हातारा म्हणाला, "धाकटीचं बरोबर आहे. गाठोडंही तयार आहे."

डोलिका हसायला लागली. तोंडावर चितेंजे धरून हसली, मग डोळ्यांवर धरलं. मी तिला म्हटलं, "हस. तुझ्या दारात नाही आली चटई, लक्षात ठेव." तर म्हणते, "तुमच्याही दाराबाहेरच आहे की आजी." जीभ वाढली आहे तिची. माझ्याबरोबर पेज ढवळून.

मला काल तिथेच, अंगणात, माझ्या चटईवर बसून जेवावं लागलं. सवतीनं ताट दाराबाहेर आणून ठेवलं, त्यात पाला कमी आणि दम जास्त. कोंबड्या ताटात चोची घालत होत्या. काळोख पडेपर्यंत आत घेतलं नाही.

तर हे तिचं उत्तर. शनिवारी मेलियाबरोबर पोर येणार नाही, हे पत्र येईल. घराबाहेर निघाली ती मी. न्यायचंच असेल तर मला ने, पण मला बटणाचे दिवे डोळ्यांत खुपतात.

लाल फ्रॉक ठेवून घेतला आहे. वाढेल त्यात. तोवर तुला पोर हवी असेल तर तू ये, आणि ती किती उंच आहे ते बघ. म्हाताऱ्यानं नवी चटई विणायला घेतली आहे, मोठ्या माणसाच्या मापाची. कुणासाठी, मी विचारलं नाही. वेत मी कापून आणला, कारण ओढ्यापर्यंत जायला त्याचे गुडघे चालत नाहीत. झाली की ती आत अंथरलेली राहील. ती उचलून टाकायला माझी कंबर चालत नाही.

आता उत्तराचं. मला लिहू नकोस. त्या गोल अक्षरालाही लिहू देऊ नकोस, त्याला म्हणावं आधी एक आजी शोध. तू तुझ्या वाकड्या हातानं लिही, आणि माझ्या सवतीला लिही. घरातून बाहेर काढणारी ती आहे, तेव्हा तुला आत घ्यायचं की नाही तेही तिलाच विचार. पत्र डोलिका तिला वाचून दाखवेल. मी शेजारी बसून राहीन, मधे स्वतःचा एक शब्द घालते का ते ऐकायला. तियामिकेला लिही.